केमिस्ट्रीची सूट

आमच्या घरात सून आली ती उन्हाळ्यात, आणि कॉलेजात गेली ती पावसाळ्यात. माझ्या धाकट्या दिराची सून. मी त्या घरातली थोरली जाऊ. मालक गेल्यापासून खालच्या मजल्यावर, दुकानाच्या मागच्या खोलीत राहते. दुकान म्हणजे वाशीममधलं आमचं कृषी केंद्र. बी, खत, फवारणीचं औषध. मी शाळेत गेले नाही कधी. अक्षरं शिकले ती याच दुकानातल्या पोत्यांवरून. पहिल्यांदा सलग काही वाचलं असेल तर ते 'लहान मुलांपासून दूर ठेवा' एवढं. त्यानंतर जे हाताला लागलं ते वाचत गेले. त्यामुळं माझं लिहिणं बोलल्यासारखंच आहे, सांभाळून घ्या.

पोर रिठदची. बारावीनंतर तिला इंजिनीअरिंगला जायचं होतं, पण मार्क जरा कमी पडले, म्हणून बापानं बीएस्सीला टाकलं. तिनं बीएस्सीचं पहिलं वर्ष केलं, वर पुन्हा इंजिनीअरिंगची प्रवेश परीक्षाही दिली. तेवढ्यात आमच्याकडून मागणी गेली. पुतण्या, म्हणजे दिराचा मुलगा, पुण्याला कंपनीत. बैठकीत पोरीच्या बापानं एकच शब्द मागितला, की पोरीला शिकू द्या. आमचा दीर दिलदार माणूस. लोकांसमोर तर फारच. म्हणाला, "शिकू द्या काय म्हंता, इंजिनेर करतो तिले. वाशीमातच कॉलेज हाये, घरून जाईन, घरी येईन. पन पाहा बरं का व्याही, एक बी विषय राह्यला की दफ्तर बंद."

सगळे हसले. पोरीचा बाप सगळ्यांत मोठ्यानं हसला. पोरीच्या बापाला बैठकीत हसावंच लागतं, पुढचं माणूस काय बोललं ते नंतर घरी जाऊन कळतं.

तर ते कॉलेज सुरू झालं. पोर सकाळी स्वयंपाक उरकून ऑटोनं जायची, दुपारी यायची. बाकी विषयांचं तिला भ्या नव्हतं. गणिताचं होतं. ते गणित बारावीसारखं नाही म्हणे, त्याच्यात आकडेच नसतात. माझ्या खोलीत बसून ती वहीभर उभ्या-आडव्या रेघा काढायची आणि मग पेन चावत बसायची. मला म्हणायची, "मोठीमाय, बाकी सगळं निघते, एवढ्यातच मी अडकून राह्यली."

एक दिवस मात्र उड्या मारतच आली. हातात पेढ्याचा पुडा. झालं होतं असं, की आता नवीन नियमानं एका कॉलेजात पास केलेला विषय दुसऱ्या कॉलेजात धरता येतो. बीएस्सीला तिनं केमिस्ट्री चांगल्या मार्कांनी काढली होती. ती तिनं इथं दाखवली, केमिस्ट्रीच्या सरांनी तिला बसवून थोडं विचारलं, आणि लिहून दिलं, की हिला हा विषय पुन्हा करायची गरज नाही. तास नाही, प्रयोग नाही, परीक्षा नाही. मला तिनं समजावलं तेव्हा मी म्हटलं, बरोबरच आहे, एकदा दळलेलं पीठ पुन्हा जात्यात कोण घालतं? ती हसली. म्हणाली, "आता तो सगळा टाइम गनिताले."

इथं तिची चूक झाली. चूक म्हणजे काय, तिनं तोच पुडा घेऊन वर जाऊन सासूलाही सांगितलं. आणि नुसतं सांगितलं नाही, मंगळवारी अन् गुरुवारी सकाळचा तास नाही, शुक्रवारी दुपारचे प्रयोग नाहीत, असं वार घेऊन सांगितलं. माझी आई म्हणायची, रिकामा हात सासरी दाखवू नये, कोणीतरी त्यात काहीतरी देतंच. या पोरीला आई लहानपणीच गेलेली. हे तिला सांगणार कोण.

माझी जाऊ, म्हणजे तिची सासू, बोलायला अशी गोड की ऐकत राहावं. तिनं पेढा खाल्ला, सुनेच्या तोंडावरून हात फिरवला, म्हणाली, "मस्त झालं बाई. म्हंजे मंगळवारी सकाळी तू घरी."

"नाई, म्हंजे मी लायब्ररीत..."

"लायब्ररी कायले? घर काय जंगलात हाये? घरी बस, घरी अभ्यास कर. कोन नाई म्हनलं?"

नाही कोणीच म्हटलं नाही. मंगळवारी सकाळी पोर वही उघडून बसली की हाक यायची. सोयाबीन घरात आलं होतं, ते निवडायला. नंतर कोणाची आत्या आली तिला दवाखान्यात न्यायला. मग दिवाळीचं घर काढायला. शुक्रवारची दुपार तर सगळी दळण-कांडणाचीच झाली. आणि काही म्हणावं तर जावेचं उत्तर तयार. "तुले त सूट हाये ना वं. बाकीच्या पोरी बिचाऱ्या आता तिकडं नळ्या धुऊन राह्यल्या असतीन."

एकदा मी मध्ये पडले. जेवताना दिराला म्हटलं, "भाऊजी, पोरीले तेवढा वेळ गनिताले देऊ द्या. त्याच्यासाठीच सूट घेतली तिनं."

दीर घास तसाच धरून म्हणाला, "वहिनी, तुमी कोन्त्या कॉलेजात होत्या?"

जाऊ एवढी हसली की तिला ठसका लागला. पाणी द्यायला सूनच उठली.

दिवाळी झाली आणि पोरीनं एक दिवस घरात सांगितलं, की सूट रद्द झाली. विद्यापीठाकडून काहीतरी आलं, आता केमिस्ट्रीचे तास करावे लागतील. जावेला दुःख झालं असेल असं वाटत असेल तर तसं नाही, ती खुशच झाली. "मले वाटलंच व्हतं. फुकट कोन काय देते? पेढे उगाच वाटले बाई तू." मग आल्यागेल्याला सांगायची, आमच्या सुनेचे पेढे वापस गेले म्हणून.

खरं मला पोरीनं दुसऱ्याच दिवशी सांगितलं. सूट काही रद्द झाली नव्हती. ती केमिस्ट्रीच्या तासाला नुसतीच जाऊन बसत होती. मागच्या बाकावर, पुढ्यात गणिताची वही. मी म्हटलं, मग लायब्ररीतच बस की. तर म्हणाली, "मोठीमाय, लायब्ररीत दिसली त कोनी बी दुकानात येऊन सांगन, तुमची सून रिकामी बसून राहते. वाशीम केवढं हाये? वर्गात बसलेल्या पोरीले कोनी विचारत नाई."

मला तिचं पटलं. मी कोणाला बोलले नाही. आता पाहा तुम्ही, झालेला विषय नको म्हणून जिनं कागद करून घेतला, तीच पोर त्या विषयाच्या वर्गात जाऊन लपली. सरांनी विचारलंही होतं तिला, तुला सूट असताना का येतेस? ती म्हणाली, सर, पाया पक्का करते. सरांना फार बरं वाटलं. मास्तर माणसाला दुसरं काय लागतं.

त्या दिवसांत तिची वही पुढं सरकायला लागली. माझ्या खोलीत येऊन सांगायची, हे आलं, ते आलं. एकदा तर पोत्यावर खडूनं काहीतरी लिहून मला समजावलं. मला कळलं नाही, पण तिला कळलंय एवढं कळलं.

मग रोडगे आले.

पुतण्याला पुण्याची नोकरी लागावी म्हणून जावेनं मारुतीला रोडग्याचं जेवण कबूल केलं होतं. ते फेडायचं राहिलं होतं. केनवडच्या रस्त्याला आमचं शेत आहे, तिथंच शेताच्या कडेला मारुती. आमच्याकडं हे काम थंडीत करतात. गव्हाची भरड कणीक तेल लावून घड्या घालून गोळे करायचे आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे. रोडगे भाजायचे ते माणसांनी, वरण आणि वांग्याची भाजी बायांनी. सगळ्या ओळखीच्यांना बोलावणं जातं. दुकानाचे गिऱ्हाईक, गल्लीतले लोक, पाहुणे. पुण्याहून पुतण्याही आला होता.

पंगत बसली. दीर स्वतः एका माणसाला हात धरून घेऊन आला आणि मधोमध बसवलं. म्हणाला, "हे सर. आपल्या बाजूलाच त्यांचं लिंबाचं वावर हाये. आपल्याच दुकानातून नेतात सगळं." पोर वरणाची बादली घेऊन वाढत येत होती. सरांना पाहिलं आणि तिचा पाय अडला. केमिस्ट्रीचे सर तेच. मी समोरच वांग्याची भाजी घेऊन उभी. मला तिच्या तोंडावरूनच समजलं.

सरांनी तिला ओळखलं आणि त्यांचा चेहरा फुलला. चांगला माणूस हो तो, त्याच्यात खोट नाही. भरल्या पंगतीत दिराला म्हणाले, "ही तुमची सून? अहो, मग तुम्ही भाग्यवान आहात. हिला माझ्या विषयाची सूट आहे, कुठं बसायची गरज नाही, तरी एक तास चुकवत नाही. इतक्या वर्षांत असा विद्यार्थी पाहिला नाही मी."

दिराच्या हातात तुपाचं भांडं होतं. तो म्हणाला, "अजून हाये का सूट?"

"आहे म्हणजे? ती काय जाते का कुठं. मीच दिली ना."

पोर वरण वाढतच होती. वाटीतून ओघळ पत्रावळीवर गेला. जाऊ माझ्या बाजूला होती. तिनं सुनेकडं पाहिलं, आणि आवाज इतका गोड काढला की मला थंडी वाजली. "सरांले तूप वाढ वं बाई. हात आखडू नको. सर आहेत तुहे."

सर पोटभर जेवले. जाताना दिरानं त्यांच्याकडून केमिस्ट्रीचे वार पुन्हा एकदा पक्के विचारून घेतले, कौतुकानं विचारल्यासारखे. सरांनीही कौतुकानंच सांगितले.

बायांची पंगत शेवटची. रोडगे संपत आले होते, निखाऱ्यात राहिलेले तेवढे. जावेनं स्वतः राखेतून एक रोडगा काढला, एका बाजूनं कोळसा झालेला, आणि सुनेच्या पत्रावळीवर ठेवला. "खा. तुही केमिस्ट्री झालेली हाये, तुले ठाऊक असन जळल्यावर त्याचं काय होते ते."

बाया हसल्या. काहींना कशाला हसतोय तेही माहीत नव्हतं. पोरीनं काळी बाजू काढून टाकायला हात लावला, तर जाऊ म्हणाली, "देवाचं हाये, टाकू नको." तिनं खाल्लं. सगळा. मी तिच्या पत्रावळीवर गूळ ठेवला, तेवढंच माझ्या हातात होतं.

पुतण्या ट्रॅक्टरला टेकून फोन पाहत होता. पोर त्याच्याजवळ गेली, हळूच म्हणाली, "तुमी तरी सांगा ना त्यायले. फक्त पेपर होईपर्यंत तासाले जाऊ द्या म्हना."

तो म्हणाला, "तू खोटं काहून बोलली?"

"खरं सांगितलं व्हतं आधी. पेढे आनले व्हते."

"मंग आई म्हंते तसं कर थोडे दिवस." आणि फोनमधला कसला तरी फोटो तिला दाखवला, त्याच्या कंपनीतल्या कोणाचा वाढदिवस. तिनं पाहिला.

दुसऱ्या दिवसापासून मंगळवार, गुरुवार, शुक्रवार ती दुकानात. हरभऱ्यावर घाटेअळी पडलेली, गिऱ्हाइकांची रांग. दीर गल्ल्यावर बसून सांगायचा, "विचारा, विचारा आमच्या इंजिनेर बाईले. केमिस्ट्री पास हाये." शेतकरी माणसं बिचारी खरंच विचारायची. ती बाटलीवरचं वाचून सांगायची, पंपाला किती टाकायचं, कोणत्या औषधात कोणतं मिसळायचं नाही. वही मांडीवर असायची. एकदा जावेनं ती उचलून फळीवर ठेवली, अळीच्या औषधाच्या मागं. "औषधाच्या दुकानात लक्ष दुसरीकडं नको बाई, कोनाचं काई झालं म्हंजे?" बोलणं तर अगदी खरं होतं. तिचं बोलणं नेहमी खरंच असायचं.

परीक्षा आली संक्रांतीच्या सुमाराला. गणिताचा पेपर नेमका हळदीकुंकवाच्या दुसऱ्या दिवशी. नव्या सुनेची पहिली संक्रांत म्हणजे काळं लुगडं, हलव्याचे दागिने आणि सगळी गल्ली. मी जावेला म्हटलं, "रथसप्तमीपर्यंत चालते हळदीकुंकू. पेपर होऊ दे, मंग ठेव."

ती म्हणाली, "बाई, तुमाले लेकरू ना सून, तुमाले काय समजते पहिल्या संक्रांतीचं."

असं बोलून झाल्यावर तिनं मला तिळगूळ दिला, गोड बोला म्हणून. मी घेतला. न घेऊन जाणार कुठं.

पोर दुपारपासून खुर्चीवर बसलेली. डोक्यावर हलव्याचा मुकुट, गळ्यात हलव्याचा हार, हातात हलव्याच्या बांगड्या. हलायचं नाही, हललं की दाणे गळतात. बाया यायच्या, कुंकू लावायच्या, फोटो काढायच्या, लहान पोरं हारातले दाणे तोडून खायची. मी पाहत होते, तिचे ओठ हलत होते. मनातल्या मनात ती ते गणितच म्हणत होती. शेजारची एक जण जावेला म्हणाली, "सून जप करते का वं तुही?"

"व्हय," जाऊ म्हणाली, "गनपतीचा नाई, गनिताचा."

पुन्हा सगळ्या हसल्या. पोरही हसली. हसताना मुकुटातला हलवा तिच्या मांडीवर पडला, एका पोरानं तो उचलून तोंडात टाकला.

निकाल फोनवरच आला. बाकी सगळे विषय निघाले होते. केमिस्ट्रीपुढं सूट असल्याचं काहीतरी लिहिलं होतं, तेही ठीकच. गणित राहिलं. पोर म्हणाली, उन्हाळ्यात पुन्हा देता येतो, वर्ष जात नाही, एकच विषय आहे. दीर गल्ल्यावर होता. आवाज चढवला नाही त्यानं. म्हणाला, "बैठकीत काय बोललो व्हतो मी? सगळ्याइच्यासमोर बोललो ना?"

"बाबा, ते त मजाकीत..."

"तुह्या बापाले विचार मजाक व्हती का ते."

बाप रिठदहून आला. चहा प्याला. दिरानं त्याला विचारलं, व्याही, ठरलं होतं की नाही? तो म्हणाला, ठरलं होतं. लेकीकडं न पाहता म्हणाला. मग ऊठबस कमी झाली त्याची आमच्याकडं. लेकीला माहेरी न्यायचं तेवढं म्हणून गेला, सणाला.

पोर आता रोज दुकानात असते. औषधाचं सगळं तीच पाहते, दीर नुसता गल्ल्यावर. गिऱ्हाईक वाढलं आहे. जाऊ पाहुण्यांना आता दुसरंच सांगते, "आमची सून केमिस्ट्रीत इतकी हुशार की कॉलेजनं लिहून देल्लं, हिले शिकवायची गरज नाई." पाहुणे वा म्हणतात. तो सूट मिळाल्याचा कागद दिरानं दुकानात परवान्याच्या बाजूला चिकटवला आहे. कोणी वाचत नाही, पण शिक्का चांगला दिसतो.

परवा सर आले होते. लिंबावर नागअळी आहे म्हणाले. मी आत पोत्यावर बसून पेपर वाचत होते. पोरीला पाहून पुन्हा त्यांचा चेहरा तसाच फुलला, पंगतीत फुलला होता तसा. "अरे, तू इथं? दिसत नाहीस तू हल्ली. आजारी होतीस का?"

तिनं काही म्हणायच्या आत जाऊ जिन्यातून उतरत आली. "तिनंच सोडलं सर. केमिस्ट्री त झालीच व्हती, मंग म्हने आता जाऊन काय करू."

सरांना वाईट वाटलं. खरोखर वाटलं. म्हणाले, "असं नको करू. इतकी आवड होती तुला. मी तर वर्गात अजून तुझं उदाहरण देतो. कधी वाटलं तर ये, बस माझ्या तासाला, तुला कोण नाही म्हणेल?"

जाऊ हसली. "बसली ना सर. लय बसली तुमच्या तासाले."

सरही हसले. त्यांना कळलं नाही, आणि सांगणार कोण त्यांना? मी सांगितलं असतं, पण पोरीनं माझ्याकडं पाहिलं आणि मान हलवली, नको म्हणून. तिनं बाटली कागदात गुंडाळली, झाकण पुन्हा एकदा आवळून पाहिलं आणि सरांच्या हातात दिली.

"सर, वारा पडल्यावर फवारा," ती म्हणाली. "आन् नाकातोंडाले फडकं बांधा. वास गोड येते याचा, पन लय विषारी हाये."